पीजी वाढवलं तर क्लोट्रिमॅझोलचा फ्लक्स कमी का झाला?

नाशिकची_फार्मसीवाली:
एम.फार्म फार्मास्युटिक्सला आहे, थिसीसचा विषय अँटिफंगल जेल. क्लोट्रिमॅझोल १ टक्का, कार्बोपोलचा (जेल घट्ट करणारा पॉलिमर) बेस, इथेनॉल सगळ्या बॅचमध्ये सारखं आणि फक्त पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल बदलत नेलंय, कमी, मधलं आणि जास्त. आता पुस्तकं, रिव्ह्यू पेपर, सिनियर्सचे थिसीस सगळीकडे एकच लिहिलेलं असतं की पीजी पेनिट्रेशन एन्हान्सर आहे, म्हणजे औषध कातडीत शिरायला मदत करतं, म्हणून मी धरूनच चालले होते की पीजी चढेल तसा फ्लक्स, म्हणजे ठराविक वेळात कातडीच्या आरपार जाणारं औषध, चढेल, ग्राफ वर जाईल आणि डिस्कशन दोन पानांत उरकेल. झालं भलतंच. मधल्या बॅचचा फ्लक्स सगळ्यात जास्त आला आणि जास्त पीजीवाली तर कमीवालीच्याही खाली गेली. परत केलं तरी तेच. गाईड म्हणतात वजन करण्यात गडबड असेल, पण माझं वजन बरोबर आहे हो. फ्रान्झ सेल वापरतेय, म्हणजे वर जेल, मधे डुकराच्या कानाची कातडी आणि खाली रिसेप्टर, आरपार आलेलं औषध जमा होतं तो भाग, त्यात ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर. कुणाला असं आलंय का? सबमिशन जवळ आलंय आणि ग्राफ बघून डोकं फिरायची वेळ आलीय.

जेलवाला:
ताई वजनाला दोष देऊ नका, तुमचा ग्राफ मला तरी बरोबर दिसतोय, आणि गाईडना हवा होता त्या ग्राफपेक्षा जास्त कामाचा आहे. आधी एक सांगा, कमी पीजीची बॅच काचेवर पातळ पसरून मायक्रोस्कोपखाली बघितली का? कण दिसतात का? आणि मधली, जास्तवाली स्वच्छ आहे का?

तोवर माझा अंदाज लिहून ठेवतो. औषध कातडीत किती जोरात जाणार हे ट्यूबमध्ये ते किती टक्के आहे यावर ठरत नाही, त्या बेसमध्ये जास्तीत जास्त किती विरघळू शकतं आणि त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती विरघळलंय या गुणोत्तरावर ठरतं. लोकलचा डबा खचाखच भरला की दारातली माणसं आपोआप बाहेर ढकलली जातात, तीच माणसं रिकाम्या डब्यात बसवा, कोण कशाला उतरतंय. सॅच्युरेटेड बेस, ज्यात आणखी औषध विरघळूच शकत नाही, तो म्हणजे भरलेला डबा. हिगुची या शास्त्रज्ञांनी हे १९६० मध्येच मांडून ठेवलंय, थर्मोडायनॅमिक ॲक्टिव्हिटी म्हणतात ती हीच, आणि आपल्याकडे बी.फार्मला ती एका मार्काच्या प्रश्नापुरती शिकवतात आणि सोडून देतात.

आता पीजी काय करतं बघा. क्लोट्रिमॅझोल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाण्यात पीजी किंवा इथेनॉल घालत गेलं की विद्राव्यता सरळ रेषेत वाढत नाही, लॉग स्केलवर सरळ रेषेत वाढते, म्हणजे थोडं पीजी वाढवलं तरी सोल्युबिलिटी कित्येक पट होते. तुमचं औषध तर १ टक्काच राहिलं. म्हणजे समजा मधल्या बॅचमध्ये औषध नुकतंच कुठे पूर्ण विरघळलंय आणि जास्तवालीत सोल्युबिलिटी तिप्पट झाली, तर तिथे ॲक्टिव्हिटी एक तृतीयांशवर आली. पीजी कातडीवर जो काय थोडा परिणाम करतं तो एवढा खड्डा भरून काढत नाही. १९६८ मध्ये फ्लुओसिनोलोन या स्टिरॉइडच्या जेलवर पीजी आणि पाण्याचं प्रमाण बदलत नेमकं हेच दाखवलेलं आहे, औषध विरघळायला पुरेल एवढंच पीजी असतं तेव्हा रिलीज सगळ्यात जास्त, त्यापुढे पीजी ओतलं की खाली. स्टिरॉइडवर होतं ते काम पण तत्त्व तेच.

नाशिकची_फार्मसीवाली:
सर थँक्यू!! आत्ता लॅबमध्ये जाऊन बघितलं. कमी पीजीवालीत बारीक बारीक सुया दिसतायत, मधली स्वच्छ, जास्तवाली पण स्वच्छ. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. पण मग पीजीला एन्हान्सर का म्हणतात, ते खोटं आहे का? आणि सेलमध्ये मी एक ग्रॅमच्या आसपास जेल टाकते आणि वरून पॅराफिल्म लावते, आमच्याकडे सगळेच तसं करतात.

जेलवाला:
खोटं नाही, अर्धं आहे. सॉल्व्हंट दोन वेगळी कामं करतो आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. पहिलं काम बेसमध्ये, औषध विरघळवून ठेवायचं, ते वर लिहिलं. दुसरं काम कातडीत. सगळ्यात वरचा जो मेलेल्या पेशींचा थर आहे ना, स्ट्रॅटम कॉर्नियम, अंगावर बहुतेक ठिकाणी तो १० ते २० मायक्रॉनचा असतो, पेशींमध्ये केराटिन आणि पेशींच्या मधल्या फटीत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. पीजी स्वतः त्या थरात शिरतं, आणि शिरलं की त्या थरात औषध जास्त मावायला लागतं. एकटं पीजी तसं मवाळच, पण त्यात थोडं ओलेइक ॲसिड घातलं तर दोघं मिळून बराच फरक पाडतात, कारण ओलेइक ॲसिड त्या फटीतल्या चरबीची शिस्तशीर मांडणी विस्कटतं आणि पीजी त्याला आत पोचायला मदत करतं. इथेनॉलचं वेगळंच, मध्यम प्रमाणात फायदा देतं, फार वर नेलं की कातडीतलं पाणी आणि चरबी काढून घेतं आणि वरचा थर कोरडाठाक, मग फ्लक्स पडतोसुद्धा.

आता तुमची पॅराफिल्म. खरी गंमत तिथे आहे. माणूस औषध लावतो तेव्हा काय होतं, बोटाच्या एका पेरावर बसतं तेवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम दोन मिलिग्रॅम. एवढ्या पातळ थरातलं इथेनॉल काही मिनिटांत उडतं, मागोमाग पाणी जातं, उरतं काय तर पीजी आणि औषध. म्हणजे ट्यूबवर जो फॉर्म्युला लिहिलाय तो अंगावर पाच-दहा मिनिटंसुद्धा राहत नाही! इथेनॉल उडालं की बेसची विरघळवायची ताकद कमी होते पण औषध तेवढंच, मग थोडा वेळ ते सुपरसॅच्युरेटेड होतं, म्हणजे मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं राहतं, आणि त्या वेळात कातडीत घुसण्याचा जोर सॅच्युरेटेडपेक्षाही जास्त असतो. नंतर स्फटिक पडले की जोर संपला. आता तुम्ही सेलमध्ये ग्रॅमभर जेल ओतून वर झाकण लावलंत, इथेनॉल जाणार कुठे? हा सगळा खेळ तुमच्या प्रयोगात झालाच नाही.

आणि म्हणूनच पातळ थर लावून उघड्या सेलवर केलंत तर नंबर बदलू शकतात. कमी पीजीवालीत औषध पटकन स्फटिक होऊन कातडीवर पांढरं बसेल, जास्त पीजीवालीत मागे उरलेलं पीजी ते विरघळलेलं ठेवेल. कोण जिंकेल ते मी इथे बसून सांगणार नाही, करून बघा, झाकलेलं आणि उघडं दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी टाका. परीक्षक बाहेरचा असेल तर त्याच पानावर थांबेल.

अजून दोन गोष्टी, वेळ असेल तर. नुसता फॉस्फेट बफर क्लोट्रिमॅझोलला चालत नाही, रिसेप्टरमध्ये औषध विरघळतच नसेल तर थोड्या वेळाने फ्लक्स कातडी ठरवत नाही, बफर ठरवतो. रिसेप्टरमधली पातळी तिथल्या सोल्युबिलिटीच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. काही लोक सरळ रिसेप्टरमध्ये ३० टक्के अल्कोहोल घालतात, मला ते पटत नाही, ते खालून कातडीत चढतं आणि तुम्ही ज्या सॉल्व्हंटचा अभ्यास करताय त्याच्यावरच पाणी फिरवतं. थोडा सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) किंवा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) घाला. दुसरं, कान कुठून आणता? खाटकाकडे डुक्कर उकळत्या पाण्यात बुडवून केस काढतात, तसला कान आणला असेल तर वरचा थर गेलेलाच असतो. गरम पाण्याच्या आधीचे कान मागून घ्या, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, पैसे थोडे जास्त घेतो.

स्किनवाले_डॉक्टर:
चर्चा वाचली, छान चाललीय, पण एक मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. बुरशी राहते कुठे? गजकर्णाची बुरशी केराटिन खाते, म्हणजे ती त्या वरच्या मेलेल्या थरातच असते, फार तर केसाच्या मुळाशी उतरते. मग कातडीच्या आरपार जाऊन रिसेप्टरमध्ये पडलेलं औषध मोजून तुम्ही नक्की काय सिद्ध करताय? तो भाग पेशंटमध्ये रक्तात जाईल, बुरशीला त्याचा काय उपयोग. वेदनाशामक जेल असेल तर आरपार जायला हवं, अँटिफंगलला थरात साचून राहायला हवं. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाचं एकदाच लावायचं फिल्म बनवणारं सोल्युशन आहे, त्याचं औषध वरच्या थरात जवळपास १३ दिवस सापडतं, त्याचं सगळं भांडवल ते टिकणं आहे, आरपार जाणं नाही. त्यामुळे मॅडम तुम्ही टेप स्ट्रिपिंग करा, म्हणजे चिकटपट्टीने वरचा थर सोलून काढा, थरात किती उरलं ते सांगा, फ्लक्स मागच्या पानावर टाका.

दुसरं, तुमचा कान निरोगी डुकराचा आहे. माझ्याकडे जांघेत गजकर्ण घेऊन येतो त्याची कातडी खाजवून सोललेली, घामाने भिजलेली, मांडीला मांडी घासून झाकलेली. तिथे बॅरिअर आधीच अर्धा मोडलेला असतो. आणि जागेजागेचा फरक केवढा! १९६७ चं हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडवरचं जुनं काम आहे, हाताच्या पुढच्या भागात जेवढं शिरतं त्याला १ धरलं तर तळपायाला ०.१४, डोक्याला साडेतीन, जबड्याला १३ आणि अंडकोषाच्या कातडीला ४२. आता विचार करा, मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम माणूस महिनोन्‌महिने जांघेत चोळतो तेव्हा काय होत असेल. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत राहते, कातडी कागदासारखी होते आणि चट्टे पडतात ते जात नाहीत. २०१८ मध्ये बऱ्याच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये आणल्या, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम झाला, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्ही सगळे जाणता.

आणि अल्कोहोल, पीजी वाढवायच्या आधी पेशंटचापण विचार करा. सोललेल्या जागेवर अल्कोहोलचं जेल लावलं की माणूस नाचतो. पीजीची ॲलर्जी आणि इरिटेशन दोन्ही होतात, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या संघटनेने पीजीलाच वर्षाचा ॲलर्जन ठरवलं होतं. वरून आपल्या लोकांची समजूत, जळजळलं म्हणजे लागू पडतंय. नाही हो, जळजळ सॉल्व्हंटची असते.

जेलवाला:
डॉक्टर, थरात साचण्याचं म्हणजे रिटेन्शनचं शंभर टक्के मान्य, पण फ्लक्स मागच्या पानावर टाका हे मान्य नाही. आरपार किती गेलं हे सेफ्टीसाठी लागतंच, आणि थरात साचायला आधी थरात शिरावं लागतं, तो जोर बेसच ठरवतो. दोन्ही आकडे हवेत. आणि इरिटेशनबद्दल म्हणाल तर कंपनीत आमची अर्धी भांडणं ह्यावरच असतात, लॅबमध्ये भारी दिसणारा फॉर्म्युला वीस लोकांच्या हातावर लावला की बारा जण धुवायला पळतात.

गुहागरकर:
मी यातला माणूस नाही, भातशेती आहे आमची. पावसाळ्यात लावणीला दिवसदिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, दरवर्षी, घरातल्या सगळ्यांना. मलम लावतो, थोडं कमी होतं, परत. आता माझा भाचा पुण्याहून सांगतोय की डीएमएसओ नावाचं औषध ऑनलाईन मिळतं, त्यात गोळी कुटून मिसळायची आणि लावायचं, कसल्याही कातडीत आरपार नेतं म्हणे. तुम्ही लोक सॉल्व्हंटचंच बोलताय म्हणून विचारतो, करू का? आणि क्रीम, जेल, पावडर यातलं चिखल्यांना काय बरं?

स्किनवाले_डॉक्टर:
काका, अजिबात नको. भाच्याला सांगा मी सांगितलंय. चिखल्यांचं मूळ ओलाव्यात आहे, आणि प्रत्येक चिखली बुरशीचीच असते असंही नाही, पुष्कळदा बॅक्टेरिया असतात किंवा दोन्ही. शेतातून आलात की पाय धुवून बेचक्या फडक्याने कोरड्या करा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा, मग क्रीमचा अगदी पातळ थर. चिरा पडलेल्या असताना जेल नको, अल्कोहोल असतं, आग होईल. जाड मलम बेचक्यात थापू नका, आतलं पाणी आतच राहतं आणि कातडी अजून पांढरी, फुगीर होते. पावडर औषध म्हणून कमजोर, पण बरं झाल्यावर परत होऊ नये म्हणून चांगली. बेचकीतलं बरं दिसायला लागलं तरी पुढे दोन आठवडे लावा, सगळे इथेच सोडतात. तळव्याची जाड कातडी मात्र वेगळी, तिथे औषध शिरतच नाही, तिथे जुनं व्हिटफिल्डचं मलम अजून चालतं, ६ टक्के बेन्झोइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक, सॅलिसिलिक वरचा जाड थर सोलतं आणि वाट मोकळी करतं. ते स्वस्त आहे म्हणून लोक त्याला कमी समजतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत पूर्वी बरीच वर्षं होतं ते. पण फुटलेल्या कातडीवर आणि बेचकीत ते नको. आणि घरात कुणाला शुगर असेल तर घरगुती उपाय बंद, सरळ दवाखाना.

जेलवाला:
काका, भाचा अर्धं खरं सांगतोय, डीएमएसओ जबरदस्त आहे, म्हणूनच घरी नको. ते कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातून निघणारा जोडपदार्थ, १९६० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनला स्टॅनली जेकब नावाच्या सर्जनने त्याचा मोठा गाजावाजा केला, सांधेदुखीपासून सगळ्यावर. मग जनावरांच्या डोळ्याच्या भिंगात बदल दिसले आणि १९६५ मध्ये तिथल्या सरकारने चाचण्या थांबवल्या. पुढे १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका आजारासाठी परवानगी मिळाली, आणि गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅकच्या एका सोल्युशनमध्ये ४५ टक्के डीएमएसओ आहे. म्हणजे औषधात वापरतात, पण शुद्ध, मोजून. ऑनलाईनच्या बाटलीत कारखान्याचा ग्रेड असतो, त्यात जे काय मिसळलेलं असेल, तुमच्या हातावर फवारणीचं जे काय लागलेलं असेल, तेही आत नेईल. ते निवडत नाही. वरून थोड्या वेळात तोंडाला लसणासारखा वास येतो, तो शरीरात त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं म्हणून. आणि गोळी कुटून तर मुळीच नको, गोळीत औषध कमी आणि स्टार्च, टाल्क जास्त.

गुहागरकर:
बरं झालं विचारलं. बाटली मागवली होती, परत पाठवतो. फवारणीचं डोक्यातच आलं नव्हतं.

मराठी_मुलगा_जर्मनीत:
मी नखांच्या औषधावर काम करतो म्हणून थोडं नाक खुपसतो. वर जे सगळं लिहिलंय ते नखाला लावू नका, नख हा वेगळाच प्राणी आहे. कातडीच्या वरच्या थरात चरबी साधारण १० टक्के धरतात, नखात १ टक्क्याच्याही आत. त्यामुळे ओलेइक ॲसिड वगैरे जे चरबी विस्कटणारे एन्हान्सर आहेत त्यांना नखात विस्कटायला काही सापडतच नाही. नख औषधाच्या दृष्टीने पाणी धरणाऱ्या जेलसारखं वागतं, भिजलं की फुगतं आणि लहान रेणूंना वाट देतं. नुसतं कोरडं सॉल्व्हंट नखाला उलट सुकवतं. म्हणून तिथे रेणू छोटा हवा, टॅव्हाबोरोल या नखाच्या औषधाचा रेणू १५२ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) आहे, क्लोट्रिमॅझोल ३४५, इट्राकोनॅझोल ७०५, ते तर विसराच. किंवा मग केराटिनला कमी चिकटणारा रेणू हवा, एफिनाकोनॅझोल तसा आहे, शिवाय त्याचं सोल्युशन इतकं पातळ पसरतं की नखाच्या खालच्या फटीतूनही आत जातं. तरी निकाल काय, ४८ आठवडे रोज लावून दोन मोठ्या चाचण्यांत पूर्ण बरे झालेले १७.८ आणि १५.२ टक्के. लोकांना हे सांगितलं की वाईट वाटतं, पण पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटर वाढतं, नवीन नख यायलाच वर्ष-दीड वर्ष जातं, सॉल्व्हंट बदलून ते भरभर वाढणार नाही.

एक शंका डॉक्टरांना. भारतात हल्ली टर्बिनाफिनला दाद न देणारं गजकर्ण फार वाढलंय असं वाचतो, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाच्या बुरशीचं, तिथे चांगला बेस करून थरातली पातळी वाढवली तर उपयोग होईल का?

स्किनवाले_डॉक्टर:
त्या बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइममध्येच बदल झालेला असतो, टर्बिनाफिन जिथे चिकटतं ती जागाच बदललेली. बेसने पातळी वाढेल थोडी, पण माझ्याकडे येणाऱ्यांचं दुखणं तेवढंच नसतं, मधे स्टिरॉइड लावलेलं, पाठ, पोट, जांघ सगळीकडे पसरलेलं, घरात चार जणांना, टॉवेल एकच. एवढ्या जागेवर कुठलंच जेल पुरत नाही, तोंडाने औषध द्यावं लागतं. फॉर्म्युलेशनवाल्यांनी त्यावर आशा लावू नये असं माझं स्पष्ट मत.

नाशिकची_फार्मसीवाली:
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय की तिन्ही बॅचची सोल्युबिलिटी आधी मोजायची (हे सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर!), मग पातळ थर लावून उघडं आणि झाकलेलं दोन्ही करायचं, आणि टेप स्ट्रिपिंग. टेप स्ट्रिपिंग आमच्या कॉलेजात कुणी केलेलं नाही, त्यात काय सांभाळायचं? आणि एका पेपरात ट्रान्सक्युटॉल नावाच्या सॉल्व्हंटबद्दल वाचलं, ते पीजीच्या जागी घेऊ का?

जेलवाला:
ट्रान्सक्युटॉल घ्या चौथी बॅच म्हणून, जागी नको, नाहीतर तुलना कशाशी करणार. त्याच्याबद्दल बऱ्याच कामांत असं दिसलंय की ते औषध कातडीत साठवून ठेवतं आणि आरपार फार जाऊ देत नाही, डॉक्टरांना हवंय तेच. पण तिथेही तोच नियम, औषध त्यात फार आरामात विरघळलं तर बाहेर पडणार नाही, म्हणून प्रमाण सोल्युबिलिटी बघूनच ठरवा.

टेप स्ट्रिपिंगला आधी वर उरलेलं जेल नीट पुसा. पहिली एक-दोन टेप वेगळी ठेवा, त्यावर शिरलेलं नाही, नुसतं वर बसलेलं औषध असतं, ती मिसळली की आकडा फुगतो. पुढे पंधरा-वीस टेप, प्रत्येक वेळी सारखा दाब, त्यासाठी वर एखादं ठराविक वजन ठेवा, अंगठ्याने दाबू नका. टेप मेथॅनॉलमध्ये काढा आणि एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वाचा, नुसत्या यूव्हीवर नको, कातडीतलं आणि गोंदातलं काय काय निघतं आणि सगळं त्याच भागात शोषतं. औषध नसलेलं कोरं जेल लावलेली कातडीपण तशीच सोलून वाचा. उरलेली कातडी बारीक कापून वेगळी काढा, म्हणजे टेप, कातडी, रिसेप्टर आणि वर पुसलेलं मिळून टाकलेल्या डोसच्या जवळ यायला हवं. तो हिशोब जुळला नाही तर बाकीच्या आकड्यांवर मीपण विश्वास ठेवणार नाही. आणि गाईडना सुयांचा मायक्रोस्कोपचा फोटो दाखवा, वजनाचा विषय परत निघणार नाही.